साडेतीन ताऱ्यांची बिअर

तीन वर्षांपूर्वी एका शनिवारी मी एका बिअरला पाचपैकी पावणेदोन तारे दिले. पुण्यातलं छोटं ब्रूपब, आम्ही ऑफिसातले चौघं, आणि टेबलावर लाकडी पट्टीत बसवलेले सहा चिमुकले ग्लास. पाचव्या ग्लासातली बिअर तपकिरी होती आणि तिला धुराचा वास येत होता. गावाकडे बंबातल्या पाण्याला येतो तसा. मी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं, फोन काढला आणि इंग्रजीत लिहिलं की ही बिअर ॲशट्रेसारखी लागते, बनवताना नक्की काहीतरी गंडलंय. मित्रांना वाचून दाखवलं. हशा पिकला. नोंद टाकली आणि सहाव्या ग्लासाकडे वळलो.

बिल यायच्या आत ब्रुअर स्वतः टेबलापाशी आला. आमच्याच वयाचा, पायात रबरी बूट, टी-शर्टवर माल्टचं पीठ. "सर, ती पाच नंबरची... ती स्मोक्डच असते. माल्ट लाकडाच्या धुरावर वाळवलेलं असतं. मेनूत लिहिलंय बघा." मेनूत खरंच लिहिलं होतं: राउखबिअर, बामबर्गची पद्धत. मी वाचलं नव्हतं. त्याच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं. मी म्हणालो, "असेल, पण मला नाही आवडली." तो म्हणाला, "चालतंय की सर," आणि रिकामे ग्लास उचलून घेऊन गेला.

दोन महिन्यांनी गेलो तेव्हा फळ्यावर ती बिअर नव्हती. त्या जागी आंब्याची व्हीट बिअर आली होती.

माझ्या एकट्याच्या पावणेदोन ताऱ्यांनी ती गेली, असं म्हणण्याइतका मी स्वतःला मोठा समजत नाही. पण ॲपवर तिच्या नोंदी खाली सरकवत बघितल्या तर माझे भाऊबंद बरेच निघाले. कुणी 'बर्न्ट' म्हणालं होतं, कुणी 'लिक्विड हॅम', कुणी नुसतंच 'व्हाय?' राउखबिअर म्हणून ती कशी झालीय, याबद्दल एकानेही चकार शब्द काढला नव्हता.

तेव्हा हा लेख आधी माझ्याविरुद्ध आहे आणि मग तुमच्याविरुद्ध. ग्लास समोर आला की फोन काढणाऱ्या आपल्या सगळ्या जमातीविरुद्ध. आपण चव घेतोय असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात आपण डेटा एंट्री करतो. आणि या डेटा एंट्रीत जी मरते ती वाईट बिअर नसते. वाईट बिअर मजेत जगते, तिच्यात आंबा घातला की झालं. मरते ती साधी बिअर, नाहीतर वेगळी बिअर.

माझ्या खात्यात सव्वातीनशे बिअर नोंदलेल्या आहेत. ॲपवर पाव ताऱ्याच्या हिशोबाने गुण देता येतात, आणि पाव, सव्वा, साडे, पाऊण हे शब्द आपल्याकडे तयारच असल्यामुळे मला पहिल्या दिवसापासून ते घरच्यासारखं वाटलं. पावणेचार आणि चार यांत फरक काय, हे मात्र मला आजही सांगता येणार नाही. मध्यंतरी मी माझ्याच जुन्या नोंदी काढून बघितल्या. तीच बिअर, तोच पब, सहा महिन्यांचं अंतर: एकदा सव्वातीन, एकदा सव्वाचार. मधे बिअर बदलली नव्हती. दुसऱ्या वेळी अप्रेझल चांगलं झालं होतं.

मी पोटासाठी जो कोड लिहितो त्यात वस्तूंची क्रमवारी लावणं येतं. त्यामुळे सरासरीची लबाडी मला तरी कळायला हवी होती. १०० जणांनी तीन तारे दिले की सरासरी तीन. ५० जणांनी पाच दिले आणि ५० जणांनी एक, तरी सरासरी तीनच. पहिली बिअर कुणाच्या लक्षातही राहिलेली नसते. दुसरीवर निम्मी माणसं जीव टाकतात. पडद्यावर मात्र दोघी शेजारीशेजारी, सारख्याच. धुराची बिअर, आंबट बिअर, खारट बिअर या सगळ्या दुसऱ्या जातीच्या. कामावर मी असं गणित मांडलं असतं तर माझ्या लीडने मला उभं केलं असतं. शनिवारी रात्री मात्र मी त्याच गणितावर विश्वास ठेवून कुठे जायचं ते ठरवतो.

बिअरॲडव्होकेट १९९६ पासून आहे, रेटबिअर २००० साली आली, अनटॅप्ड २०१० मध्ये. या मंडळींच्या 'जगातल्या सर्वोत्तम' याद्या बघितल्यात कधी? वरच्या रांगेत पिंपात मुरवलेले इम्पीरियल स्टाउट, १०-१२ टक्क्यांचे, आणि फळांच्या रसासारखे गढूळ डबल आयपीए. साधी लागर तिथे औषधालासुद्धा सहसा मिळत नाही. (जाता जाता: या रेटबिअरमध्ये जगातल्या सगळ्यात मोठ्या बिअर कंपनीच्या एका शाखेने हिस्सा घेतल्याचं २०१७ मध्ये उघड झालं, नंतर अख्खी साइट त्यांची झाली, आणि २०२५ च्या सुरुवातीला ती बंद पडली. इतक्या वर्षांचे लोकांचे तारे, आणि मालक कोण, हे तारे देताना आपल्यापैकी किती जणांनी विचारलं होतं?)

जडशीळ बिअर वर आणि साधी खाली, हे असं का होतं, याचं एक कारण त्या चिमुकल्या ग्लासांत आहे. १०० मिलिलिटरच्या घोटात जी गोड, जाड, जोरकस असते तीच जिंकते. शेजारी ठेवलेली हलकी बिअर पाण्यासारखी वाटणारच. पण बऱ्याचशा बिअर अशा घोटासाठी बनवलेल्याच नसतात. त्या अर्ध्या लिटरसाठी बनवलेल्या असतात, गप्पा मारत, काहीतरी खात, दुसरा ग्लास मागवावासा वाटावा म्हणून. १२ टक्क्यांच्या स्टाउटचा दुसरा ग्लास तुम्ही कधी मागवलाय? मी नाही. पाच तारे देऊन अर्धा ग्लास टेबलावर सोडून मात्र आलोय.

वरणभाताचं उदाहरण घ्या. वरण, भात, तूप, लिंबू. त्याचा एकच चमचा पाणीपुरी, चिकन सिक्स्टी फाइव्ह आणि रबडीच्या मधे ठेवून कुणी गुण द्यायला सांगितले तर तुम्ही अडीच द्याल. लिहाल, 'सटल, बट फॉरगेटेबल.' आणि घरी जाऊन तेच खाल. वरण करणं सोपं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी ते केलेलं नाही, हेही जाता जाता नोंदवतो. त्यात लपायला जागा नसते. डाळ कच्ची राहिली, हिंग जास्त पडला, लगेच कळतं.

लागरचं तसंच. गढूळ आयपीएत एखादी चूक झाली तर हॉप्सच्या वासाखाली ती झाकली जाते. आंब्याच्या बिअरमध्ये आंब्याखाली. साध्या सोनेरी लागरमध्ये झाकायला काही नसतं. शिवाय ती थंडीत संथपणे मुरावी लागते. एल प्रकारची बिअर दोन-तीन आठवड्यांत ग्लासात येते, लागर नीट करायची तर टाकी महिना-दीड महिना अडकून पडते. आता त्या ब्रुअरच्या जागी बसून हिशोब करा. चार टाक्या. एकीत लागर ठेवली तर तेवढ्या दिवसांत दोन आयपीए निघाल्या असत्या. बरं, एवढं करून लोक लागरला देणार साडेतीन आणि आयपीएला चार. मालक फोन पुढे करून विचारणार, हे काय आहे? पुण्यात २००९ साली डूलाली सुरू झालं तेव्हा ब्रूपब ही नवलाई होती. आज एखाद्या शनिवारी तीन ठिकाणी फिरा आणि फळे वाचा. नावं वेगळी, बिअर त्याच. कुणी बंदी घातलेली नाही. आपण तारे देऊन देऊन हे करून घेतलंय.

'लागर म्हणजे पाणी' म्हणणारा एकजण प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. आमच्यात मीच होतो. त्यामुळे पिल्झेनची गोष्ट मला उशिरा कळली. आजच्या चेकियातल्या या गावात १८३८ साली बिअर इतकी खराब निघाली की तिची पिंपं नगरभवनासमोर ओतून दिली गेली. (याला म्हणतात रिव्ह्यू.) मग गावाने नवी ब्रुअरी बांधली, बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा ब्रुअर आणला. १८४२ साली त्याने फिकट वाळवलेलं माल्ट, तिथलं मऊ पाणी आणि बोहेमियातले साझ हॉप्स वापरून एक सोनेरी लागर लोकांपुढे ठेवली. तोवर त्या भागातली बिअर गडद असायची. आज जगात खपणाऱ्या बहुतेक बिअर, तुमच्या कोपऱ्यावरच्या परमिट रूममधल्यासुद्धा, तिच्या दूरच्या नातेवाईक आहेत. त्या मूळ पिल्सनरमध्ये अल्कोहोल किती? ४.४ टक्के.

याच बिअरमध्ये एक गंमत आहे, आणि माझ्या सगळ्या भांडणाचं मूळही तिथेच आहे. पिल्झेनच्या बिअरला किंचित लोण्याचा वास येतो. यीस्टच्या कामात डायॲसेटिल नावाचं एक रसायन तयार होतं, त्याचा तो वास. चेक पद्धतीच्या लागरमध्ये तो थोडा असला तर चालतो, तिच्या ओळखीचाच भाग मानतात. तोच वास जर्मन पिल्सनरला आला तर तो दोष, बनवणाऱ्याने घाई केली असं समजतात. रसायन एक, नाक एक, निकाल दोन. म्हणजे समोर काय आहे हे माहीत नसेल तर 'मला लोण्याचा वास आला' या वाक्याचा काहीही अर्थ होत नाही.

बव्हेरियन गव्हाच्या बिअरला केळं आणि लवंग यांचा वास यायलाच हवा, आणि त्यात केळंही नसतं नि लवंगही नसते, यीस्टचीच करामत. साध्या लागरला केळ्याचा वास आला तर मात्र कुठेतरी चुकलंय. लाइपझिगकडची गोझ खारट आणि आंबट असते, तिच्यात मीठ आणि धने घालतात. बेल्जियमच्या विटबिअरमध्ये धने आणि संत्र्याची साल. ही विटबिअर तर जवळपास संपली होती, हूगार्डन गावात पिएर सेलिस या माणसाने १९६० च्या दशकात ती पुन्हा बनवायला घेतली म्हणून आज पुण्यात मिळते. तेव्हा ॲप असतं तर काय झालं असतं याची कल्पना करून बघा. 'क्लाउडी. समथिंग ऑफ. सव्वादोन.'

बिअरच्या शैली अशा वेगवेगळ्या समजून घ्यायच्या असतात, हे जगाला नीट सांगितलं मायकेल जॅक्सनने. गायक नव्हे, इंग्लंडमधला दाढीवाला पत्रकार. 'द वर्ल्ड गाइड टू बिअर' हे त्याचं पुस्तक १९७७ चं. तो जिथली बिअर तिथे जायचा, कोण बनवतं, कशाबरोबर पितात, हे विचारायचा. श्रीलंकेच्या लायन स्टाउटकडे, म्हणजे आपल्या शेजारच्या घरातल्या बिअरकडे, पाश्चात्त्य वाचकांचं लक्ष वेधणाऱ्यांत तो होता. त्यानेही खिशात मावणाऱ्या मार्गदर्शिकेत तारे दिले होते, हे मी लपवत नाही. पण आधी तो पायपीट करायचा. अमेरिकेतली बीजेसीपी ही १९८५ पासूनची परीक्षकांची संस्था, तीही आकड्यांची भक्त: वास १२, दिसणं ३, चव २०, तोंडातला पोत ५, एकंदर परिणाम १०, एकूण ५०. पण पेपर तपासण्याआधी ती निदान विषय कुठला हे विचारते. आपण भूगोलाच्या पेपरात इतिहास सापडला नाही म्हणून मुलाला नापास करतो.

आता एक असा मुद्दा, ज्यावर कुणी लिहीतच नाही: बिअर ताजी होती का? महाग परदेशी पिल्सनर दुकानातून आणायची, तिला पावणेतीन द्यायचे आणि लिहायचं, 'ओव्हररेटेड.' अरे, ती बाटली बोटीने आली, गोदामात राहिली, मे महिन्यात टेम्पोतून फिरली, मग दुकानाच्या काचेत उभी राहिली. तू पिल्झेनचा रिव्ह्यू लिहिला नाहीस, टेम्पोचा लिहिलास. जुन्या झालेल्या बिअरला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. हलक्या लागरवर कधीकधी शिळेपणाची गोडसर, मधासारखी झाक येते, आणि मी स्वतः एका अशा बाटलीखाली 'लव्हली हनी नोट्स' लिहून चार तारे दिलेले आहेत. बाटलीवरची तारीख नंतर बघितली. अकरा महिने.

उजेडाचंही तसंच. हॉप्समधल्या कडू घटकांवर ऊन पडलं की एक गंधकाचं संयुग तयार होतं, त्याला इंग्रजीत 'स्कंकी' म्हणतात. तपकिरी काच हे बरंच थांबवते, हिरवी फारसं थांबवत नाही. घरी करून बघा. हिरव्या बाटलीतली एक लागर अर्धा तास गॅलरीत भर उन्हात ठेवा, तिची जुळी बहीण फ्रिजमध्ये. मग दोन्ही थंड करून शेजारी ओता. मी केलं तेव्हा रूममेट म्हणाला, "गांजा आणलायस का?" त्याचं नाक बरोबर होतं, गांजाच्या वासामागेही हेच संयुग आहे. पण आपण सगळे 'स्कंकी' लिहितो. स्कंक हा प्राणी अमेरिकेत असतो. मी तो कधी हुंगलेला नाही. तुम्हीही नाही.

आणि इथे मी माझ्या खऱ्या तक्रारीपाशी येतो. आपल्या जिभेला जे लागतं ते आपण लिहीतच नाही.

कराडला इंजिनिअरिंगला असताना परमिट रूममध्ये बसलो की वेटरचा प्रश्न एकच: "माइल्ड का स्ट्राँग?" आणि दुसऱ्या दिवशी मित्रांचा प्रश्न एकच: "चढली का?" चार वर्षांत कुणी 'कशी लागली' असं विचारल्याचं आठवत नाही. घरी तर बोलायचीच सोय नाही. आपल्या राज्यात दारूचा परवाना कागदोपत्री आजही आरोग्याच्या कारणासाठी असतो, 'चवीसाठी' असा रकाना त्यावर नाही. म्हणजे मराठीत बिअरबद्दलचं बोलणं हे चढण्याचं बोलणं. मग नोकरी लागली, पुण्यात आलो, ब्रूपबमध्ये गेलो आणि एकदम तयार इंग्रजी शब्द मिळाले: ग्रेपफ्रूट, पाइन, स्टोन फ्रूट, बिस्किटी, टोस्टी. मी ते कपडे मापाचे आहेत का न बघता चढवले. ग्रेपफ्रूट मी तोपर्यंत खाल्लेलं नव्हतं. खरं म्हणजे पपनस खाल्लं होतं, आणि ग्रेपफ्रूट हा पपनस आणि संत्र्याचाच संकर. म्हणजे जीभ ओळखत होती, फक्त माझ्या नोंदीत ते यायची सोय नव्हती.

राउखबिअरच्या त्या प्रकारानंतर चार-पाच महिन्यांनी मी त्या ब्रुअरची माफी मागितली. दुपारी गेलो, गर्दी नव्हती. त्याने विषय फारसा वाढवला नाही. उलट मागे नेऊन माल्टची पोती दाखवली आणि निघताना चार छोट्या पुड्या बांधून दिल्या: फिकट माल्ट, म्युनिक माल्ट, काळं भाजलेलं, आणि एक धुरावरचं. त्या मी घरी नेल्या. आईने विचारलं काय आहे. मी म्हटलं, "बार्ली आहे. मोड आणून वाळवलेली." बिअरचं नाव काढलं नाही.

तिने दाणे तळहातावर घेतले, हुंगले, एक दाणा चावला. "नाचणीचं सत्त्व करतो तसंच की. भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं, भाजायचं." खरंच तसंच आहे. माल्टिंग म्हणून मी जे तीन व्हिडिओ बघून समजून घेतलं होतं ते ती दर वर्षी भाचरांसाठी करत आली होती. मग तिने एकेक पुडी घेतली. पहिली: "लाह्यांसारखं. गोडसर आहे, पण पिठूळ." म्युनिक: "हे खमंग. भाकरीचा पापुद्रा कडेला लागतो बघ, तसं." काळं: "हे करपवलंय. करपट झालं की मागून तुरट लागतं, हे तसंच." चौथी पुडी हुंगून ती जरा थांबली आणि म्हणाली, "आजीच्या घरात कोनाड्यात ठेवलेल्या सगळ्या वस्तूंना असा वास यायचा."

दोन मिनिटांत चार नोंदी. एकही तारा नाही, आणि एकही शब्द उसना नाही.

मी नंतर वहीत शब्द काढायला बसलो. आंबट वेगळं, आंबूस वेगळं, आंबटढ्याण वेगळं. कडू आणि कडवट यांत फरक आहे. खरपूस, खमंग आणि करपट या तीन पायऱ्या आहेत, आणि पोर्टर आणि स्टाउट मधला प्रवास बराचसा त्याच पायऱ्यांवरचा. सपक, पाणचट, मिळमिळीत. गोडमिट्ट. खवट, कुबट, उग्र, ओशट. आणि माझा आवडता: कळकणे. आंबट पदार्थ पितळेच्या भांड्यात राहिला की कळकतो. बिअरला धातूची चव आली की परीक्षक 'मेटॅलिक' लिहितात. आपल्याकडे त्यासाठी एक अख्खं क्रियापद आहे, आणि ते दोष कुठून आला हेही सांगतं. ज्या घरात आंबील होते, ताक चार प्रकारचं असतं, तिथल्या माणसाने बर्लिनर वाइस प्यायल्यावर 'फंकी' लिहून थांबावं?

मला इंग्रजीचं वावडं नाही, हॉप्सला मी हॉप्सच म्हणणार. पण रिव्ह्यू म्हणजे माझ्या तोंडातली गोष्ट तुमच्या तोंडापर्यंत पोचवणं. न हुंगलेल्या प्राण्याचा वास न खाल्लेल्या फळाच्या चवीशी जुळवून मी तुम्हाला सांगितला, तर पोचलं काय?

माझा एक मित्र या सगळ्यावर म्हणतो, "माणूस दमून आलेला असतो, त्याला बिअर पिऊ दे की निवांत. तू तिथेही अभ्यासक्रम लावतोस." त्याचं बरोबर आहे. निवांत प्या. निवांत पिणाऱ्याशी माझं भांडणच नाही. परमिट रूममध्ये कमी पैशांत जास्त चढावी म्हणून स्ट्राँग मागवणाऱ्याशीही नाही. त्याचा हिशोब स्वच्छ आहे, आणि त्याला हसणाऱ्या क्राफ्टवाल्यांइतकं ओशट मला काही वाटत नाही. त्याने कुणाची बिअर फळ्यावरून उतरवली नाही. माझं भांडण निवांत न पिता गुण देत बसणाऱ्याशी आहे. गुण द्यायची सक्ती कुणी केलेली नाही. द्यायचेच असतील तर फळा वाचा, शैली कुठली ते बघा, बाटली असेल तर तारीख बघा, अख्खा ग्लास प्या, आणि आवडली नाही तर 'मला आवडली नाही' आणि 'बिघडलेली आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत एवढं लक्षात ठेवा. आणि बिघडलेलीच असेल, तर फोनवर नंतर लिहा, आधी काउंटरवर सांगा. ब्रुअर आत उभा असतो. कळकलेली बिअर त्याला आजच्या आज कळायला हवी, पुढच्या महिन्यात सरासरीतून नव्हे.

कुणी म्हणेल, वाचणाऱ्याला एवढा वेळ नसतो, त्याला आकडा पुरतो. कशाला पुरतो? 'सव्वातीन' वाचून तुम्हाला कळत नाही की ती आंबट आहे का कडू, जेवणाबरोबर चालेल का, एक पुरेल का तीन जातील. 'आंबूस, हलकी, कोकम सरबतासारखी मिठाची चव मागे राहते' एवढं वाचायला आकड्यापेक्षा चार सेकंद जास्त लागतात. रील बघताना तेवढे सेकंद आपण जाहिरातीला देतो.

गेल्या डिसेंबरात ब्रुअरचा मेसेज आला: "ती पाच नंबरची परत लावलीय. छोटी बॅच." मी एकटाच गेलो, रिक्षाने. छोटा ग्लास नको म्हटलं, अर्धा लिटर घेतली. बामबर्गमध्ये नवख्याला सांगतात म्हणे की पहिल्या ग्लासावर मत बनवू नकोस. पहिले तीन-चार घोट मला अजूनही जड गेले, खोटं कशाला बोलू. मग धूर मागे सरकला आणि म्युनिक माल्टची ती भाकरीच्या कडेची चव पुढे आली. सोबत कोळशावरचं कणीस मागवलं, ते चांगलं लागलं. दुसरा ग्लास घेतला. तो अर्ध्यावर आला तेव्हा धुराचा वास यायचा बंद झाला होता, नाक सरावलं असावं.

त्या रात्री मी मराठीत नोंद लिहिली. 'हिवाळ्यात आजोळी बंबातल्या पाण्याने अंघोळ करून ओल्या केसांनी स्वयंपाकघरात आलं की जो वास यायचा तो. मागे भाकरीचा पापुद्रा. कडवट फार नाही. पहिला ग्लास संपेपर्यंत धीर धरावा. कणीस मागवा.' ॲपवर तारे न देताही नोंद करता येते. ही सोय आधीपासूनच होती, मी सव्वातीनशे वेळा तिच्याकडे बघितलं नव्हतं.

सकाळी उठलो तर खाली एकच कमेंट होती. ऑफिसातल्याच एकाची, त्या शनिवारी टेबलावर असलेल्या चौघांपैकी. "भारी लिहिलंयस. पण रेटिंग किती?"